एका नावाखाली दोन माश्या

मोहरीच्या शेतात, करडईच्या वाफ्यावर, नाहीतर अंगणातल्या तुळशीच्या मंजिरीपाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक सडपातळ माशी हवेत एकाच जागी खिळून राहिलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पंख इतक्या वेगाने हलत असतात की ते दिसतच नाहीत. क्षणात ती हातभर बाजूला सरकते आणि पुन्हा तशीच स्थिर होते. इंग्रजीत हिला हॉवरफ्लाय म्हणतात. मराठीत हिच्यासाठी सर्वमान्य असे घरगुती नाव नाही. कृषिखात्याच्या पत्रकांतून ‘सिरफिड माशी’ हे तिच्या शास्त्रीय कुलनामावरून घेतलेले नाव रूढ झाले आहे, आणि मावा फस्त करणाऱ्या अळीची आई म्हणून जाणता शेतकरी तिला मित्रकीड मानतो. प्रस्तुत लेखात तेच नाव वापरले आहे. दिसायला मधमाशी, पण मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. नांगी तर नाहीच. अंगावरचे पट्टे हा केवळ पक्ष्यांना भिवविण्यासाठी पांघरलेला वेष होय.

या कुलात आजवर सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली असून दरवर्षी त्यांत भर पडत असते. ‘अमुक प्राण्याची नवी जाती सापडली’ अशी वार्ता वाचली की आपल्या डोळ्यांसमोर निबिड अरण्य, दुर्गम दरी आणि तेथवर पोहोचलेला साहसी संशोधक असे चित्र उभे राहते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु २००२ साली इंग्लंडमध्ये एका सिरफिड माशीची नवी जाती म्हणून जी नोंद झाली, तिची हकीकत अगदी निराळी आहे. ज्या माळांवरून आणि दलदलींतून निसर्गप्रेमी मंडळी दीडदोनशे वर्षे जाळी घेऊन हिंडली, तेथेच ती राहत होती. ती पकडली गेली होती, टाचणीला लावून पेटीत ठेवली गेली होती, तिची गणनाही झाली होती. फक्त हे सारे दुसरीच्या नावावर जमा होत होते. माझी उमेद भू-अभिलेखाच्या दप्तरात गेली, त्यामुळे असेल कदाचित, पण अरण्यातल्या शोधापेक्षा हा दप्तरातला शोध मला अधिक मोहवितो.

या कुलाचा इतिहासच मुळी ओळखीच्या घोटाळ्यांचा आहे. प्राचीन ग्रीक-रोमन जगात अशी दृढ समजूत होती की मारलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्यांचे मोहोळ जन्माला येते. व्हर्जिलसारख्या महाकवीने आपल्या कृषिकाव्याच्या चौथ्या भागात त्याचा सविस्तर विधी दिला आहे. बायबलमध्ये सॅमसनला मेलेल्या सिंहाच्या देहात मधमाश्या आणि मध आढळल्याची कथा आहे. विलायती ‘गोल्डन सिरप’च्या हिरव्या-सोनेरी डब्यावर त्या निपचित पडलेल्या सिंहाचे आणि त्याच्याभोवतीच्या थव्याचे चित्र शतकाहून अधिक काळ छापले जात आले. जुन्या संस्थानी कोठारांत असा एखादा रिकामा डबा डाळी-मसाल्यांसाठी वापरलेला काहींना आठवत असेल. या समजुतीचा छडा ओस्टेन-साकेन या गृहस्थांनी लावला. त्यांनी १८९४ साली हायडेलबर्गहून या विषयावर एक पुस्तिका काढली आणि असे प्रतिपादन केले की कुजणाऱ्या कलेवरातून निघणाऱ्या त्या मधमाश्या नव्हेतच. ती एरिस्टॅलिस टेनॅक्स नावाची सिरफिड माशी होय. हिची अळी सडक्या, घाण पाण्यात वाढते आणि शेपटीसारखी लांब श्वासनळी पृष्ठभागावर काढून श्वास घेते. पूर्ण वाढलेली माशी मात्र मधमाशीची इतकी हुबेहूब प्रतिकृती असते की आजही भलेभले हात मागे घेतात.

ओस्टेन-साकेन हे पेशाने प्राध्यापक नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद करतो. ते रशियाच्या परराष्ट्र सेवेतले अधिकारी होते. वॉशिंग्टन येथील वकिलातीत चिटणीस आणि पुढे १८६२ ते १८७१ या काळात न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत असा त्यांचा सेवाकाल. खलिते लिहून उरलेल्या वेळात त्यांनी उत्तर अमेरिकेतील माश्यांच्या अभ्यासाचा पाया घातला, आणि नोकरी सोडल्यावर उरलेले आयुष्य त्यालाच वाहिले. आम्हा पेन्शनरांना यातून काय बोध घ्यायचा तो ज्याचा त्याने घ्यावा!

आता जातीचे ‘वर्णन’ म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा प्रकार त्यावरच अवलंबून आहे. प्राणिशास्त्रात नामकरणाचा शक १७५८ पासून सुरू होतो. स्वीडनच्या कार्ल लिनियसने त्या वर्षी आपल्या महाग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि चार हजारांहून अधिक प्राण्यांना प्रत्येकी दोन शब्दांचे नाव दिले. त्यापूर्वीची नावे कितीही सुंदर असली तरी आज ती ग्राह्य धरली जात नाहीत. नवी जाती जाहीर करू इच्छिणाऱ्याने एक नमुना आधारभूत म्हणून निवडावा, तो सार्वजनिक संग्रहालयात ठेवावा, कोठे, केव्हा आणि कोणी पकडला याची चिठ्ठी त्याच टाचणीला लावावी, आणि प्रसिद्ध केलेल्या लेखात नाव देऊन आधीच्या सर्व सख्ख्या-चुलत जातींपासून ही कोठे वेगळी पडते ते स्पष्ट करावे, असा आजचा दंडक आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर नमुना हा मूळ दस्त, आणि वेगळेपणाचा तो परिच्छेद म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा असे लिहिल्याखेरीज जसे शेत सिद्ध होत नाही, तशीच शेजारच्या जातींपासून हद्द आखल्याखेरीज नवी जाती सिद्ध होत नाही. पुढे वाद उपस्थित झाला तर लेखातील शब्दांपेक्षा टाचणीवरचा तो वाळका देह अधिक प्रमाण मानतात.

मूळ दस्त कोठे आहे याला म्हणूनच फार महत्त्व. लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगाही अल्पवयात वारला आणि त्याचा संग्रह १७८४ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेतला. त्या संग्रहाच्या आधारावर १७८८ साली लंडनची लिनियन सोसायटी उभी राहिली. आपल्या शेतांतील माश्यांची कथाही काही वेगळी नाही. भारतातील पिकांवर सर्वत्र आढळणारी आणि माव्याची वैरीण म्हणून नावाजलेली इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस ही सिरफिड माशी १८०५ साली शास्त्रात दाखल झाली, ती फाब्रिसियस या लिनियसच्या शिष्याकडून. तो कील येथे प्राध्यापक होता. नमुना गेला होता तरंगमबाडीहून. कारोमांडेल किनाऱ्यावरील हे गाव १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. त्या काळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते, आणि त्या मराठी दरबाराचा तरंगमबाडीच्या पाद्री मंडळींशी विद्येचा व्यवहार चालू होता. पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली राजांचे शिक्षण झाले होते. त्याच किनाऱ्यावरून त्याच काळात किडे-पाखरे वाळवून पेट्यांतून युरोपला रवाना होत होती.

पुढे शंभर वर्षांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये एन्रिको ब्रुनेत्ती नावाचा एक संगीतकार येऊन बसला. जन्म १८६२ चा. गाण्या-बजावण्याच्या व्यवसायानिमित्त पूर्वेकडचे देश पालथे घालून तो १९०४ च्या सुमारास कलकत्त्यात स्थिरावला, आणि म्युझियमचे अधीक्षक अ‍ॅनन्डेल यांच्या उत्तेजनाने त्याने तेथील माश्यांच्या पेट्या लावायला घेतल्या. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील माश्यांचे पहिले तीन खंड त्याच्या हातचे. त्यांतील १९२३ चा तिसरा खंड सिरफिड माश्यांसाठी आजही हाताशी ठेवावा लागतो. २०१४ साली कुमार घोरपडे यांनी भारतीय उपखंडातील या माश्यांची सुधारित यादी प्रसिद्ध केली. आपल्या देशात सुमारे साडेतीनशे जातींची नोंद आहे. ज्यांच्या अळीचे, कोशाचे, भक्ष्याचे निरीक्षण झाले आहे अशा जाती त्यांत थोड्या. बाकीच्या केवळ टाचणीवरच्या प्रौढ देहावरून ओळखल्या जातात. ही त्रुटी भारतापुरतीच नाही, आणि ती किती महागात पडू शकते हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

लिनियसने १७५८ च्या त्या ग्रंथात एका माशीला मस्का म्युटाबिलिस असे नाव दिले. म्युटाबिलिस म्हणजे बदलती, पालटणारी. महाराष्ट्रात ज्याला फेरफार आणि आमच्या मध्यप्रदेशात नामांतरण म्हणतात त्या नोंदीला इंग्रजी दप्तरात म्यूटेशन हाच शब्द आहे, आणि दोहोंचे मूळ एकच. हा योगायोग पुढे फारच खरा ठरला. १८०३ साली योहान मायगेन याने या माशीसाठी मायक्रोडॉन ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. मायगेन हा जर्मनीतील श्टोलबर्ग गावचा फ्रेंच शिकवणारा गरीब शिक्षक. युरोपातील माश्यांचे वर्गीकरण त्याने जवळजवळ एकट्याने उभे केले. मायक्रोडॉन म्हणजे लहान दातवाली, कारण हिच्या पाठीच्या मागल्या कडेवर दातासारखे दोन बारीक काटे असतात. सिरफिड माश्यांच्या कुलात ही माशी मुलखावेगळी. ती हवेत स्थिर राहण्याच्या फंदात पडत नाही, फुलांवर क्वचितच जाते, उडते तीही जड, आळशी चालीने. जेथे जन्मली त्याच्या आसपासच तिचे थोड्या दिवसांचे आयुष्य सरते.

मग ही माशी खाते काय आणि वाढते कोठे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांच्या हाती अनेकदा पडले होते, पण त्यांना ते ओळखता आले नाही. जर्मनीत मुंग्यांच्या घरांत एक विलक्षण जीव मिळत असे. घुमटासारखी फुगीर पाठ, तीवर जाळीदार नक्षी, खालची बाजू सपाट, डोके दिसत नाही, पाय नाहीत, शरीराचे वलय नाही, आणि चाल गोगलगाईची. फ्रांकफुर्टचे सेनेटर कार्ल फॉन हायडेन यांनी १८२३ साली या ‘विचित्र आकाराच्या प्राण्या’वर टिपण लिहिले आणि पुढे त्याला पार्म्युला असे नाव दिले. १८२४ साली म्युनिकच्या योहान फॉन श्पिक्स यांनी याच जिवाचे वर्णन जर्मनीतील गोगलगाईंची एक नवी प्रजाती म्हणून बव्हेरियाच्या अकादमीपुढे मांडले, आणि श्टार्नबर्ग सरोवराकाठच्या अम्मरलांड गावावरून त्याचे नामकरण केले. हे श्पिक्स सामान्य नव्हेत. १८१७ ते १८२० अशी तीन वर्षे ब्राझीलच्या अंतर्भागात हिंडून त्यांनी शेकडो प्राणी युरोपात आणले होते. निळ्या रंगाचा एक दुर्मीळ पोपट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतक्या जाणत्या माणसाने माशीच्या अळीला गोगलगाय म्हणावे, याचे हसू येण्याआधी ती अळी एकदा पाहावी. सरळ डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती गोगलगाय वाटल्यावाचून राहत नाही. १८३९ साली पिरमोंट येथे भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत श्लोटहाउबर यांनी पार्म्युला आणि अम्मरलांडची ती गोगलगाय या दोन्ही मायक्रोडॉन म्युटाबिलिसच्याच अळ्या होत असे सांगून प्रकरणाचा निकाल लावला. एकाच प्राण्याची तीन नावे होती, ती एकात विलीन झाली. आता सारे स्पष्ट झाले असे सर्वांना वाटले, आणि त्यानंतर एकशे साठ वर्षे हे प्रकरण बंद राहिले.

मुंग्यांच्या घरात ही अळी काय करते, हेही हळूहळू कळत गेले. मादी घराच्या तोंडाशी अंडी घालते. अळी आत शिरून मुंग्यांची अंडी आणि लहान अळ्या खाऊन वाढते. तिला पूर्ण वाढायला साधारण दोन वर्षे लागतात, आणि या काळात एरवी परक्या किड्याचे तुकडे करणाऱ्या मुंग्या आपलीच पिल्ले खाणाऱ्या या पाहुणीकडे ढुंकून पाहत नाहीत. १९९० साली अमेरिकेत मायक्रोडॉनच्या दुसऱ्या जातींवर झालेल्या रासायनिक तपासणीत कारण उमगले. मुंग्या एकमेकींना अंगावरील मेणचट द्रव्यांच्या वासाने ओळखतात, आणि अळीच्या त्वचेवर मुंग्यांच्या पिल्लांसारखीच द्रव्ये आढळली. घरात वावरायला रूप बदलावे लागत नाही, वास बदलला की पुरे.

येथून कथा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात येते. तेथील संशोधन केंद्रात जेरेमी टॉमस आणि ग्रॅहॅम एल्म्स हे दोघे मुंग्यांच्या आश्रयाने जगणाऱ्या कीटकांवर काम करीत होते. ‘लार्ज ब्लू’ नावाचे सुंदर निळे फुलपाखरू १९७९ साली ब्रिटनमधून नाहीसे झाले. त्याचे सुरवंट मिर्मिका प्रजातीच्या लाल मुंग्या उचलून घरी नेतात, एवढे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु कोणतीही मिर्मिका चालत नाही, त्यांतली एकच विशिष्ट जाती लागते, हे टॉमस यांनी दाखविले तोवर वेळ टळून गेली होती. चराई थांबल्याने गवत वाढले, जमीन थंड झाली, ती विशिष्ट मुंगी हटली आणि तिच्या जागी मिर्मिका स्कॅब्रिनोडिस ही दुसरी आली. माळ होता, मुंग्या होत्या, फुलपाखरू मात्र गेले. पुढे १९८३ साली स्वीडनहून आणून ते पुन्हा वसविण्यात आले आणि टिकले.

या अनुभवाने शहाणी झालेली ही मंडळी मायक्रोडॉनकडे वळली तेव्हा एक गोष्ट त्यांना खटकली. मायक्रोडॉन म्युटाबिलिसच्या अळ्या दोन अगदी वेगळ्या उपकुळांतील मुंग्यांच्या घरी मिळतात अशा नोंदी होत्या. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात आणि आयर्लंडमध्ये त्या फॉर्मिका लेमानी या काळपट मुंगीकडे, बऱ्याचशा कोरड्या, दगडगोट्यांच्या जागी. दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र दलदलीतील शेवाळाच्या गड्ड्यांत घर करणाऱ्या मिर्मिका स्कॅब्रिनोडिसकडे, म्हणजे फुलपाखराच्या प्रकरणातील त्याच मुंगीकडे. ज्या किड्याचे जगणे एका मुंगीच्या अंगच्या वासाशी इतके जखडलेले, त्याला दोन परक्या उपकुळांचे वास कसे साधावेत?

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्कॉटलंडलगतच्या एका बेटावरील माद्यांची अंडी वेगवेगळ्या ठिकाणच्या मुंग्यांच्या घरी ठेवून पाहिली. ज्या घरातून मादी निघाली तेथे ती बहुतेक सर्व सुरक्षित राहिली. जसजसे अंतर वाढत गेले तसतशी मुंग्यांनी ती ओळखून नष्ट केली, आणि हे अंतर काही किलोमीटरांचेच होते. मुंगी तीच, जाती तीच, तरीही परगावच्या मुंग्यांपुढे या अंड्यांचे सोंग वठत नव्हते. मग दुसऱ्या उपकुळातील मुंगीची गोष्ट तर दूरच.

प्रौढ माश्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक दिसेना. रंग, केस, पंखांच्या शिरा, काटे, सारे एकसारखे. येथे संशोधकांनी सहसा कोणी न पाहिलेल्या वस्तूकडे लक्ष वळविले. ती म्हणजे माशी उडून गेल्यावर मागे उरणारे रिकामे कोश. कोशाच्या पुढल्या अंगाला श्वास घेण्यासाठी शिंगांसारखी दोन बारीक टोके असतात. त्यांची लांबी-रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, तेव्हा ठिकठिकाणचे कोश दोन स्वच्छ गटांत विभागले गेले. एका गटातील सगळे फॉर्मिकाच्या घरचे, दुसऱ्यातील सगळे मिर्मिकाच्या. कार्स्टेन शोनरोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध करून दलदलीतील माशीला मायक्रोडॉन मिर्मिके, म्हणजे मिर्मिका मुंगीची मायक्रोडॉन, असे नाव दिले. लिनियसचे जुने नाव फॉर्मिकाकडे राहणाऱ्या माशीकडे कायम राहिले. ग्रीक ‘मिर्मेक्स’ आणि आपल्या वैदिक भाषेतील ‘वम्री’ हे मुंगीवाचक शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाचे मानतात, त्यामुळे हे नाव आपल्याला तितकेसे परके वाटू नये. ज्या नियतकालिकात हे वर्णन छापले गेले ते लिनियन सोसायटीचेच होते. संस्थापुरुषाच्या दप्तरातील १७५८ ची नोंद २४४ वर्षांनी त्याच घरच्या अंकात दुरुस्त झाली.

कोशाकडे पाहावे हे पूर्वी कोणालाच सुचले नव्हते असे मात्र नाही. १९१२ साली आंद्रीस यांनी मायक्रोडॉनच्या कोशांचा बारकाईने अभ्यास करून दुसऱ्या एका जातीत ‘मेजर’ नावाचा वेगळा प्रकार दाखवून दिला होता. प्रौढ माश्यांत ठळक फरक दिसत नाही म्हणून तो दुर्लक्षित राहिला. त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला २००४ साली, बाण्णव वर्षांनी. अर्ज दाखल होता, एवढेच म्हणायचे.

कोणी म्हणेल, दोन सारख्या माश्या, एक नाव असले काय आणि दोन असली काय! या आक्षेपाचे उत्तर शोनरोगे आणि मंडळींच्या लेखाच्या मथळ्यातच होते. दुर्मीळ जाती धोक्यात कशी येते, असा त्याचा आशय. मायक्रोडॉन म्युटाबिलिस एकच आहे असे मानले जात होते तेव्हा ती तुरळक, पण ब्रिटनच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत विखुरलेली आणि कोरड्या-ओल्या दोन्ही जागी निभावून नेणारी माशी म्हणून कागदावर उभी होती. दोन नावे होताच ते चित्र पालटले. दोन्ही जाती त्यामानाने अधिकच विरळ ठरल्या आणि प्रत्येकीचे निभावणे एकाच प्रकारच्या जमिनीपुरते उरले. दक्षिणेत एखादी दलदल चर खणून कोरडी केली तर ‘ही माशी स्कॉटलंडात आहेच’ असे उत्तर आता देता येत नाही. सरकारी टिपणात ‘अन्यत्र उपलब्ध’ हे दोन शब्द किती जागा मोकळ्या करून देतात हे ज्यांनी अशी टिपणे लिहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. मी ती लिहिली आहेत.

शिवाय फुलपाखराला लागू पडलेला उपाय येथे सहज लागू पडणारा नाही. ते स्वीडनहून आणून वसविता आले, कारण त्याला हवी ती मुंगी मिळाली की त्याचे भागत होते. मायक्रोडॉन म्युटाबिलिसला काही किलोमीटरांवरची त्याच जातीची मुंगी परकी. आपल्या गल्लीतल्या मुंग्यांचा वास तिने पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला असतो. हे इतके टोकाचे स्थानिकपण तिला परवडते कसे, याचे उत्तर २००६ साली पुढे आले. अळी मुंग्यांची अंडी आणि लहान पिल्ले खाते, त्यामुळे उरलेल्या मोठ्या पिल्लांना खाऊ घालणारे हात जास्त मिळतात. भरपूर पोसलेल्या त्या पिल्लांतून कामकरी मुंग्यांऐवजी नव्या राण्या अधिक निपजतात. या राण्या जवळपासच नवी घरे मांडतात आणि माशीच्या पुढल्या पिढीला ओळखीच्या वासाची घरे शेजारीच मिळतात. कूळ राहून जमीनदाराचाच वंश वाढविण्याचा हा प्रकार म्हणायचा. त्याचा दुसरा अर्थ असा की एका ठिकाणची वस्ती नष्ट झाली तर तिची भरपाई दुसरीकडच्या माश्यांनी होणे फार कठीण.

२०२२ साली युरोपातील सिरफिड माश्यांची पहिली धोकासूची प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ८९० जातींपैकी ३१४ जाती नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचे तीत नमूद आहे. अशी गणना करताना आधी एकके ठरवावी लागतात, आणि ती ठरतात वर सांगितलेल्या टाचण्या, चिठ्ठ्या आणि चतुःसीमा यांच्या आधारेच. ज्याला नाव नाही ते धोक्यात असल्याचे लिहून ठेवण्यास सूचीत रकानाच नसतो.

जुन्या संग्रहांचे मग काय झाले? मायक्रोडॉन पाळून वाढविणाऱ्या काही संग्राहकांमध्ये एक चांगला रिवाज होता. माशीला टाचणी लावताना तिचा रिकामा कोशही त्याच टाचणीवर, माशीच्या खाली अडकवून ठेवायचा. कशासाठी, असे विचारले असते तर कदाचित ‘असू द्यावा’ एवढेच उत्तर मिळाले असते. पण अशा प्रत्येक माशीची ओळख आज कोश पाहून निश्चित करता येते, मग ती कोणत्याही काळी पकडलेली असो. ज्यांनी नुसती उडती माशी जाळ्यात धरली आणि कोश शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्यांच्या माश्या देखण्या आहेत, चिठ्ठ्याही सुवाच्य आहेत, पण नाव मात्र अधांतरी आहे. ब्रिटनमध्ये आजही कोश न पाहता केलेली नोंद ‘म्युटाबिलिस अथवा मिर्मिके’ अशी जोडनावानेच दाखल करून घेतात, आणि नक्की नोंद हवी असणाऱ्यास वसंताच्या अखेरीस दलदलीत उतरून, शेवाळाचे गड्डे हलक्या हाताने उकलून कोश पाहण्यास व ते पुन्हा जसेच्या तसे झाकून ठेवण्यास सांगतात.